शेवाळेवस्तीचं दुबार मतदान

मतदानाच्या दिवशी सकाळचे सव्वाअकरा वाजले, तरी शेवाळेवस्तीचं एकही माणूस विजयमाला जगतापच्या टेबलापाशी आलं नव्हतं.

पळसदेवच्या मराठी शाळेच्या फाटकापासून ठरलेल्या अंतरावर, लिंबाखाली तिनं टेबल मांडलं होतं. विजयमाला अंगणवाडी सेविका. शिवाय गेली नऊ वर्षं ती या केंद्राची बीएलओ होती, म्हणजे मतदार यादीचं काम तिच्याकडं. मेलेल्यांची नावं कमी करायची, नांदायला आलेल्या सुनांची घालायची, आणि मतदानादिवशी ज्याला आपला नंबर सापडत नाही त्याला शोधून द्यायचा. आज जिल्हा परिषदेचं आणि पंचायत समितीचं मतदान एकदम होतं. सकाळी साडेसातला सुरू झालं होतं आणि संध्याकाळी साडेपाचला बंद व्हायचं होतं.

ज्याला नंबर दिला त्याच्या नावापुढं ती पेन्सिलीनं बारीक टिक करत होती. गावठाणातली पानं टिकांनी भरत आली होती. शेवटची पानं मात्र कोरी होती. अनुक्रमांक सहाशे अकरापासून सातशे शहाण्णवपर्यंत, एकशे शहाऐंशी नावं, सगळी शेवाळेवस्तीची.

हे तिला पटेना. शेवाळेवस्ती गावापासून तीन किलोमीटरवर, धरणाच्या फुगवट्याच्या कडेला. सकाळच्या धारा काढून, डेअरीला दूध घालून वस्ती नऊच्या आत मतदानाला यायची. बायका घोळक्यानं यायच्या, येताना नवी लुगडी नेसून यायच्या. आजवर कधी चुकलं नव्हतं. वस्तीवर कुणी वारलं असतं तर तिच्या कानावर आलंच असतं.

साडेअकराच्या सुमारास दुधाचा रिकामा टेम्पो थांबला आणि त्यातून चंद्राबाई शेवाळे उतरल्या. वय ऐंशीच्या पुढं, हातात काठी, पदराच्या गाठीला मतदान कार्ड.

"आत्या, एकट्याच? बाकीची कुठं हायत?" विजयमालानं विचारलं.

"बाकीच्यांचं कालच झालं की."

"काय झालं?"

"मत टाकून झालं. फोनात. सर्जाच्या सुनंनं समद्यांचं टाकून दिलं." चंद्राबाईंनी गाठ सोडून कार्ड पुढं केलं. "मी म्हणलं, मला न्हाय त्या फोनात टाकायचं. मी शाळंत जाणार, शाई लावून घेणार. माझा नंबर सांग."

विजयमालानं नंबर लिहून दिला. चंद्राबाई काठी टेकत फाटकाकडं गेल्या.  विजयमालानं सर्जेरावांच्या सुनेला, सोनमला फोन लावला.

सोनम दोन वर्षांपूर्वी वडगाव निंबाळकरहून या वस्तीवर नांदायला आली होती. बी.कॉम. झालेली. वस्तीवर कुणाचा फॉर्म भरायचा असो, सातबारा काढायचा असो, सगळे सोनमकडं जायचे. तिचं नाव यादीत विजयमालानंच घातलं होतं.

"सोनम, काल तुमी मोबाईलवरनं काय केलं ते मला पाठव बरं. आलेला मेसेज आहे तसा पाठव."

"व्हय ताई. काय चुकलं का?" सोनमचा आवाज लगेच बदलला.

"आधी पाठव."

मेसेज आला. वर सिंहाची मुद्रा, खाली सरकारी धाटणीचं मराठी. वाड्यावस्त्यांवरील मतदारांसाठी घरबसल्या मतदानाची सुविधा सुरू करण्यात आली आहे. खालील लिंकवर मतदान कार्डाचा क्रमांक, आधार क्रमांक व मोबाईलवर आलेला ओटीपी भरून आपले मत नोंदवावे. शेवटच्या दोन ओळी ठळक अक्षरांत होत्या. आपले मत नोंदविल्यानंतर मतदान केंद्रावर जाऊ नये. गेल्यास दुबार मतदानाचा गुन्हा दाखल करण्यात येईल.

विजयमालानं शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या. वस्तीची माणसं घरी का बसलीत ते तिला कळलं. कायदा मोडायचा नाही म्हणून बसलीत. शेवाळेवस्तीचं मत एकगठ्ठा पडतं हे साऱ्या पंचायत समिती गणाला माहीत होतं. ज्यानं हे केलं त्यालाही माहीत असणार. ती उठली.

केंद्राध्यक्ष माधव बर्वे बारामतीच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. आदल्या दिवशी यंत्रं घेऊन आल्यापासून ते फारसं बोलले नव्हते. विजयमालानं त्यांना व्हरांड्यात बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला.

"किती जणांनी भरलं हे?"

"नक्की माहीत नाही सर. पण वस्तीवरनं आत्तापर्यंत एकच म्हातारी आलीय."

बर्व्यांनी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना फोन लावला. बोलणं पाच-सहा मिनिटं चाललं. फोन ठेवून ते म्हणाले, "वर कळवतायत. सायबर पोलिसांनाही कळवतील. लेखी सूचना येईपर्यंत थांबा म्हणाले."

"सर, लेखी सूचना येईपर्यंत साडेपाच वाजतील."

बर्व्यांनी दारातून आतल्या रांगेकडं नजर टाकली.

"मला एक सांगा," विजयमाला म्हणाली. "मतदाराला त्याचं मतदान कुठं आहे आणि कसं करायचं, हे सांगणं माझं काम आहे का नाही?"

"आहे."

"मग ते मी टेबलावर बसून सांगते तसं वस्तीवर जाऊन सांगितलं तर?"

बर्व्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी केंद्राध्यक्षाची डायरी उघडली, घड्याळ बघून अकरा पन्नास अशी वेळ टाकली आणि चार ओळी लिहिल्या. लिहून झाल्यावर म्हणाले, "जा. कुठल्याही उमेदवाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. कुणाच्या गाडीतून जायचं नाही. कुणाला हाताला धरून आणायचं नाही. फक्त सांगायचं."

"घरोघर जायची मला सवय आहे सर. पक्ष विचारायची नाही."

टेबलावर कोतवाल तात्याबांना बसवून तिनं स्कूटी काढली. निघण्याआधी तिनं तालुक्यातल्या बीएलओंच्या ग्रुपवर मेसेजचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, हे खोटं आहे. मोबाईलवर मतदान होत नाही. आपापल्या याद्या बघा, कुठली वस्ती आली नसेल तर तिथं जा. हमरस्त्याला लागेपर्यंत फोन दोनदा वाजला. थांबून पाहिलं तर निमगाव केतकीच्या बीएलओ बाईंचं उत्तर होतं. आमच्याकडं दोन वस्त्या आल्या न्हाईत, निघाले.

वस्तीचा रस्ता उसातून जात होता. एका बाजूला तोड चालली होती, दुसऱ्या बाजूला फुगवट्याचं पाणी उन्हात चकाकत होतं आणि काठानं मोटारींचे पाइप एकामागं एक पाण्यात उतरले होते. विजयमालाला घाबरल्यासारखं वाटत नव्हतं. या वस्तीतलं प्रत्येक घर तिला ठाऊक होतं. कुठल्या घरात किती पोरं, कुणाचं वजन कमी भरतं, कोण डोस चुकवतं, हे पाठ होतं. ही माणसं आपलं ऐकतील असं तिला वाटत होतं.

सर्जेराव शेवाळे अंगणात बाजेवर बसले होते. एकाहत्तर वर्षांचे, अंगानं वाळलेले, बोलणं मोजकं. वस्तीत कुणाची भांडणं मिटवायची असली तर लोक त्यांच्याकडं यायचे. विजयमालाला बघून ते उठले.

"या बाई. आज तर तुमची ड्यूटी असंल."

"ड्यूटीवरच आलेय आबा. तुमी मतदानाला का आला न्हाय?"

"झालं की आमचं." सर्जेरावांनी खिशातून फोन काढून समाधानानं दाखवला. पडद्यावर हिरवी बरोबरची खूण होती आणि खाली अभिनंदन लिहिलं होतं.

"आबा, हे खोटं हाय. तुमचं मत पडलेलं न्हाय."

सर्जेराव हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते म्हणाले, "बाई, कारखान्याला ऊस गेला की टनेज फोनवर येतं. डेअरीला दूध घातलं की फॅट फोनवर येतं. तलाठ्याकडं जायचं तर जाऊ नका म्हणत्यात, फोनवर काढा. मग मत तेवढं फोनवर जाणार न्हाय, हे आमी कसं वळखायचं?"

 प्रश्न रास्त होता. विजयमाला बाजेशेजारच्या खुर्चीवर बसली. तोवर आजूबाजूच्या घरांतून बायका-पुरुष जमले होते. सोनम दारात उभी होती, हातातला फोन तिनं छातीशी धरला होता.

"तुमी चुकला असं मी म्हणत न्हाय," विजयमाला म्हणाली. "ज्यानं हे केलं त्यानं तुमचा इस्वास बघूनच केलं. आता माझं ऐका. आज मतं किती द्यायची हायत?"

"एक," कुणीतरी म्हणालं.

"दोन," दुसरं म्हणालं. "जिल्हा परिषदेचं एक आन पंचायत समितीचं एक."

"बरोबर. दोन. मागं चिठ्ठ्या वाटल्या तवा मी घरोघर सांगितलं हुतं. काल फोनात किती दिली?"

सगळे सोनमकडं बघायला लागले. सोनमनं हळूच सांगितलं, "एकच यादी आली हुती ताई. एकाच नावावर बोट दाबायचं हुतं."

"मग दुसरं मत कुठं गेलं?"

एक-दोघांनी आपापले फोन काढून बघितले.  विजयमाला म्हणाली, "शाळंत जे यंत्र हाय त्याला फोन जोडत न्हाईत. तुमी खोलीत जायचं, आतला माणूस तुमच्या नावावर रेघ मारणार, सही घेणार, बोटाला शाई लावणार, मगच बटण. पोराला डोस पाजायचा तर मी घरी येते का फोन करते? फोनवर डोस पाजला असं कुणी सांगितलं तर तुमी मानाल का?"

दोन-तीन बायका हसल्या. पण पाठीमागून कौसल्या शेवाळे पुढं आल्या. चाळिशीच्या, कष्टानं काळवंडलेल्या. 

"बाई, तुमचं खरं असंल. पण त्यात लिवलंय गुन्हा दाखल व्हईल म्हणून. माझं पोरगं पोलीस भरतीला उतरलंय. पुढल्या महिन्यात त्याची चाचणी हाय. घरावर एखादी केस पडली तर त्याचं वरीस जाईल. तुमी भरून देणार का त्याचं वरीस?"

"केस पडणार न्हाय कौसल्याताई."

"हे तुमी म्हणताय. लिवून द्या."

"मी लिवून देते," विजयमाला म्हणाली आणि पिशवीतून वही काढली.

"तुमच्या लिवण्याला कोण इचारतंय," कौसल्या म्हणाल्या आणि घराकडं निघून गेल्या. त्यांच्या मागं आणखी पाच-सहा जण गेले.

उरलेले कुजबुजायला लागले. ज्याच्या घरात नोकरीचं पोर होतं त्याला केसची भीती, ज्याला कोर्टाचा अनुभव होता त्याला त्याहून जास्त. विजयमालाच्या ध्यानात आलं की मत पडलं नाही हे लोकांना पटलंय. अडलंय ते गुन्ह्यापाशी.

 सर्जेराव आत गेले, टोपी बदलून आले आणि सोनमला म्हणाले, "सुनबाई, त्यो मेसेज कागदावर उतरून काढ. अक्षरान् अक्षर. फोन आत नेऊ देत न्हाईत."

"कशाला मामा?"

"मी जातो. त्या सायबापुढं कागद ठेवतो आन इचारतो. गुन्हा असला तर माझ्यावर हू दे. माझं आता काय भरती व्हायचंय?"

सोनमनं वहीचं पान फाडून मेसेज उतरवला.  तिनं एकटीनं काल दुपारी सत्तर-ऐंशी जणांचे क्रमांक भरले होते. लोक रांगेनं येऊन अंगणात बसले होते, तिनं सगळ्यांना चहा केला होता. आपण वस्तीच्या उपयोगी पडलो म्हणून काल ती आनंदानं झोपली होती. कागद सासऱ्यांच्या हातात देताना ती म्हणाली, "मामा, मीबी येते. भरलं ते मी."

"चल."

तिघं दोन गाड्यांवरून शाळेत पोचली तेव्हा दीड वाजला होता. विजयमाला फाटकापर्यंतच गेली. पुढं सर्जेराव एकटे आत गेले. नंबर आल्यावर ते यादीवाल्याकडं न जाता थेट केंद्राध्यक्षांच्या टेबलापाशी उभे राहिले.

"सायेब, मी सर्जेराव बाबुराव शेवाळे. काल मला हे आलं, आन मी त्यात मत भरलं. आता मी हितं मत टाकलं तर गुन्हा हाय का, ते सांगा. हाय म्हणाला तर मी माघारी जातो."

खोलीत उमेदवारांचे प्रतिनिधी भिंतीला लागून बसले होते. त्यांतले एक, दादासाहेब, उठून म्हणाले, "साहेब, हे स्वतःच सांगतायत मत झालं म्हणून. सकाळी चंद्राबाईही सांगत होत्या, सगळ्या वस्तीचं झालंय. दुबार मतदान होतंय हे. माझा आक्षेप आहे."

बर्व्यांनी कागद वाचला. मग शेजारच्या अधिकाऱ्याकडून यादी मागून घेतली, सर्जेरावांचं नाव शोधलं आणि त्यावर बोट ठेवलं.

"नावावर रेघ आहे का?" त्यांनी दादासाहेबांना विचारलं.

"नाही, पण..."

"नोंदवहीत यांची सही आहे का? बोटाला शाई आहे का?"

दादासाहेब वाकून यादी बघायला लागले.

"आक्षेप माणसाच्या ओळखीवर घेता येतो. हे सर्जेराव शेवाळे नाहीत असं तुमचं म्हणणं आहे का?"

दादासाहेब आणि सर्जेराव चाळीस वर्षं एकमेकांना ओळखत होते. दादासाहेबांनी मान हलवली आणि खाली बसले.

बर्वे सर्जेरावांकडं वळले. वर्गात एखाद्याला समजावून सांगावं तशा शांत आवाजात ते म्हणाले, "मत या खोलीत पडतं. या यंत्रात पडतं. दुसरीकडं कुठंही तुम्ही काही दाबलं असेल, त्याला मत म्हणत नाहीत. तुम्ही फसवले गेलात, गुन्हा तुम्ही केलेला नाही. तुमची हरकत नसेल तर हा कागद मी ठेवून घेतो."

"ठेवा."

सर्जेरावांनी सही केली, बोट पुढं केलं, पडद्याआड गेले. दोनदा आवाज आला. बाहेर आल्यावर त्यांनी बोट एकदा निरखून बघितलं.

फाटकाबाहेर सोनम वाट बघत होती. "मामा, बोटाचा फोटो काढू का? ग्रुपवर टाकते."

"नको. फोटोवरच तर फसलो. मी जाऊन दाखवतो."

आणि ते खरंच परत वस्तीवर गेले. एकाहत्तर वर्षांचा माणूस भर दुपारी घरोघर फिरला आणि प्रत्येक दारात बोट पुढं केलं. काय विचारलं, साहेब काय म्हणाला, दादासाहेब कसे उठले आणि कसे बसले, सगळं सांगितलं. एका घरात सांगून झालं की त्या घरातलं एक माणूस पुढच्या घरी त्यांच्याबरोबर जायचं. विजयमाला दुसऱ्या बाजूची घरं करत होती. ती उमेदवाराचं नाव घेत नव्हती आणि कुणी विचारलं तर विषय बदलत होती. एका म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, "बाई, मग टाकायचं कुणाला?" ती म्हणाली, "ते काल ज्याला टाकायचं ठरवलं हुतं त्याला. मला सांगू नका."

सोनमचं काम सगळ्यांत अवघड होतं. तिनं ज्यांचे क्रमांक भरले होते त्या प्रत्येकाच्या पुढं ती गेली आणि म्हणाली, "माझी चूक झाली. मी न बघता भरलं. आता शाळंत चला." एक-दोघांनी तिला सुनावलं. एकानं विचारलं की आमचा आधार नंबर आता कुणाच्या घरी गेला. तिला उत्तर माहीत नव्हतं, तसं तिनं सांगितलं आणि त्याचंही बघू म्हणाली. बहुतेकांनी मात्र काही न बोलता चपला घातल्या.

साडेतीनच्या सुमारास शेवाळेवस्तीच्या बायकांचा पहिला घोळका शाळेच्या वळणावर दिसला. तात्याबा कोतवालांनी टेबल विजयमालाला परत दिलं आणि म्हणाले, "बाई, पेन्सिलीला टोक करून ठेवलंय." पुढचे दोन तास तिला मान वर करायला सवड मिळाली नाही. सहाशे अकरा, सहाशे चौदा, सहाशे पंधरा. कोरी पानं टिकांनी भरत गेली.

साडेपाच वाजता बर्वे स्वतः फाटकापाशी आले. रांगेत अजून अट्ठावन्न माणसं होती. नियमाप्रमाणं त्यांनी फाटक लावून घेतलं आणि रांगेच्या शेवटापासून पुढं सह्या केलेल्या चिठ्ठ्या वाटायला सुरुवात केली, म्हणजे मागनं नवं कुणी शिरायला नको. रांगेत सगळ्यांत शेवटी सोनम उभी होती. आपण ज्यांचं भरलं ती सगळी पुढं गेल्याशिवाय ती रांगेत लागली नव्हती. तिला एक नंबरची चिठ्ठी मिळाली आणि तिचं मत शेवटचं पडलं. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी ती बाहेर आली.

विजयमालानं टिका मोजल्या. एकशे एक्केचाळीस. पुण्याला राहणारे वीस-बावीस जण सोडले तर आणखी वीस-पंचवीस जण आलेच नाहीत. कौसल्याताईंचं घर आलं नाही. मागं वळून एकदा त्यांच्या घरी जायला हवं होतं असं तिला वाटून गेलं. पण ते थोडा वेळच.

निमगाव केतकीकडच्या दोन वस्त्यांपैकी एक वेळेत आली. दुसऱ्या वस्तीवर बाई पोचल्या तेव्हा लोक कामावर पांगले होते. संध्याकाळी गोळा करेपर्यंत फाटक लागलं. ती वस्ती मतदानाला मुकली.

दुसऱ्या दिवशी विजयमाला, सोनम आणि सर्जेराव इंदापूरला पोलीस ठाण्यात गेले. मेसेज ज्या नंबरवरून वस्तीच्या पाणीपाळीच्या ग्रुपवर आला होता तो नंबर, लिंक, वेळ, सोनमनं सगळं टाचण करून नेलं होतं. तक्रार घेणाऱ्या हवालदारांनी कागद वाचून तिला विचारलं, "हे तुम्हीच लिहिलं का? चांगलं लिहिलंय, असं कुणी आणत नाही." तक्रार सायबर पोलिसांकडं गेली. पुढं कळलं ते इतकंच की नंबर दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाच्या नावावर होता आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नव्हता. लिंक मतदानादिवशी चार वाजताच बंद पडली होती. कुणी केलं, कुणी करवून घेतलं, याचा तपास अजून चालू आहे.

निकाल लागला. गणात मतांचा फरक दोनशेच्या आत होता. हरलेल्या बाजूनं दादासाहेबांनी तहसीलदारांकडं अर्ज दिला की बीएलओ बाईंनी वस्तीवर जाऊन प्रचार केला. विजयमालाला खुलाशाला बोलावलं. तिनं काय केलं ते क्रमवार सांगितलं. बर्व्यांच्या डायरीत वेळेसह सगळं होतं. कधी गेली, कशासाठी गेली, कोणत्या अटींवर गेली, कधी परतली. चौकशी वीस मिनिटांत संपली. बाहेर आल्यावर दादासाहेब तिथंच भेटले. जरा अवघडून म्हणाले, "राग मानू नका बाई, अर्ज करायला लागतो."

"राग कसला," विजयमाला म्हणाली. "पुढच्या वेळी तुमच्या वस्तीवर असा मेसेज आला तर मला कळवा. तितंबी जाईन."

राहता राहिले लोकांचे नंबर. ओटीपी दिले होते, आधार दिले होते. सायबर पोलिसांनी काय काय बदलून घ्यायचं त्याची माहिती दिली. अंगणवाडी सुटल्यावर चार दिवस विजयमाला आणि सोनम वस्तीवर दारोदार गेल्या. आधार लॉक करायचं, पिन बदलायचा, अनोळखी ॲप काढून टाकायचं. पहिल्या दिवशी लोक बिचकत होते. सोनमच्या हातात पुन्हा फोन द्यायचा का, हे तोंडावर कुणी म्हणालं नाही, पण हात पुढं येत नव्हते. सर्जेरावांनी सगळ्यांसमोर आपला फोन तिच्यापुढं धरला.

"घे. पण या वेळी काय करतीस ते मोठ्यानं सांगत कर. आमी बघतो."

मग सोनम प्रत्येक पायरी मोठ्यानं सांगत गेली आणि पिन टाकायची वेळ आली की फोन मालकाच्या हातात देऊन तोंड फिरवून उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून बायका स्वतःच बटणं दाबायला लागल्या. ती नुसती सांगत होती.

कौसल्याताईंच्या घरी त्या चौथ्या दिवशी गेल्या. कौसल्याताईंनी पाणी दिलं, पोराच्या चाचणीचं सांगितलं. मतदानाचा विषय त्यांनीच काढला. म्हणाल्या, "पुढच्या खेपेला जाईन. या वेळी धीर झाला न्हाय." विजयमालानं मान डोलावली.

"काकू, फोन देता का? पिन बदलायचाय," सोनम म्हणाली.

कौसल्याताईंनी फोन पदराखाली धरला. "न्हाय बाई. राग येऊ दे, पर मी न्हाय देणार. तू सांग, माझं पोरगं करंल."

सोनमला राग आला नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि पोराला हाक मारली.

"बरोबर करताय काकू," ती म्हणाली. "कुणालाच देऊ नका. मलाबी न्हाय."